कोपऱ्यातले स्पीकर

४ नोव्हेंबर

भिंगरे,

आशीर्वाद पाठवतोय. ठेवून घ्यायचे की परत करायचे ते तू ठरव.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. हा दाराखालून सरकला की आत. घाबरू नकोस, भांडायला बसलेलो नाही. तुझं मत हवंय, आणि तेही तुझ्या कामातलं. हसू येत असेल तर आधी हसून घे, मग पुढचं वाच.

मी स्पीकर घेतलेत. गाणी ऐकायचे नव्हेत, गाणी तयार करायचे. मॉनिटर म्हणतात म्हणे त्यांना. दुकानदार म्हणाला, "काका, घरातले स्पीकर गोड बोलतात. हे खरं बोलतात. जे रेकॉर्ड झालंय तेच ऐकवतात, वरून साखर पेरत नाहीत." मी विचारलं, "आणि स्वस्तातले?" तर म्हणतो, "तेही खरंच बोलतात, फक्त सगळं बोलत नाहीत." मला माणूस आवडला. जन्मभर दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत हिंडलो, पण इतका सरळ दुकानदार क्वचितच भेटला. स्वस्तातलेच घेतले.

तर झालंय असं, की तुझ्या आईची बालवाडीतली गाणी रेकॉर्ड करायला घेतलीत. तिने स्वतः रचलेली. हात धुवायचं, रांगेत उभं राहायचं, बुटाची नाडी बांधायचं, डबा सांडला तर रडायचं नाही म्हणून म्हणायचं. कुठे लिहून ठेवलेली नाहीत, सगळी तिच्या डोक्यात. चाळीसेक तरी निघतील. ती निवृत्त झाल्यापासून मी मागे लागलो होतो, आता कुठे मुहूर्त लागला. महिनाअखेरीच्या आत सगळी संपवायची आहेत. का, ते विचारू नकोस. असंच. तारीख नसली की काम लोंबकळत राहतं.

बिऱ्हाड तुझ्या खोलीत मांडलंय. टेबल खिडकीजवळच्या कोपऱ्यात, कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात. स्पीकर विटांवर ठेवलेत आणि विटांना माझे जुने मोजे चढवलेत, टेबल थरथरू नये म्हणून. पुस्तिकेत लिहिलंय की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, या तिघांत सारखं अंतर पाहिजे. दोरा लावून मोजलं. तुझी आई दारात उभी राहून म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत."

इतकं करूनही आईचा आवाज त्यातून पिंपात बसून गायल्यासारखा येतो. घुमतो. आता तिचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला, बालवाडीतली पोरं तिला 'ढगाच्या बाई' म्हणायची ते उगाच नाही. पण म्हणून इतका ढग? असं झालं की तू काय करतेस?

आई बरी आहे. घसा जरा बसलाय, हवेमुळे. गेल्या आठवड्यात आम्ही बँकेत गेलो होतो. फार वेळ बाकावर बसावं लागलं. नंबर लागल्यावर तिला एकटीलाच आत बोलावलं आणि नळी घालून xxxxxxxxxx

वरची ओळ खोडलीय. उजेडासमोर धरून वाचू नकोस, तिथे काही नाही.

तुझा बाप


८ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझा निरोप पोचला, अर्थात आईच्या फोनवर. "त्यांना सांग, स्पीकर कोपऱ्यातून काढा आणि भिंतीपासून निदान हातभर पुढे घ्या. मागच्या भोकातून निघणारा खर्ज भिंतीवर आपटून दुप्पट होतो." आईने मोठ्याने वाचून दाखवलं. 'त्यांना' म्हणजे मी. दूधवाल्याबद्दलसुद्धा यापेक्षा आपुलकीने लिहिता येतं. असो. तू बँकेतली नोकरी सोडून त्या स्टुडिओत वायरी गुंडाळायला निघालीस तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी काय बोललो ते माझ्या लक्षात आहे, तूही विसरली नसशील. ते भांडण जिथे आहे तिथे राहू दे. आत्ता मला स्पीकरचं बघायचंय.

मागच्या भोकाला हात लावून पाहिला. खरोखर हवा येते, मोठ्या सुराला हाताच्या पंजावर फुंकर मारल्यासारखी. तुझं बरोबर आहे. पण हातभर पुढे घ्यायचे तर टेबल पुढे येणार, टेबल पुढे आलं की तुझा पलंग बाहेर काढावा लागणार, आणि पलंग काढायचा नाही असं घरात ठरलंय. कोणी ठरवलं म्हणशील तर मी माझ्या मनात ठरवलं, आईने तिच्या मनात ठरवलं, आणि एकमेकांना सांगितलं नाही. तेव्हा स्पीकर कोपऱ्यातच. भोकात मात्र उरलेला एक मोजा कोंबलाय.

पण आता नवंच लचांड उभं राहिलंय. खरखर. घुमण्याच्या आतून, वरच्या सुरांना. कागद हळूच फाडावा तसं काहीतरी. आधी वाटलं डावा स्पीकर. वायरींची अदलाबदल केली तर उजव्यातूनही तेच. म्हणजे वायर. वायर नवी आणली. तरी तेच. म्हणजे विजेत काहीतरी असणार. फ्रिज बंद करून पाहिला, पंखा बंद केला, शेजारच्या ड्रायव्हरकाकांना त्यांचा टीव्ही बंद करायला लावला. ते टीव्ही बंद करून इकडेच येऊन बसले आणि दोन गाणी ऐकून म्हणाले, "आमच्याकडे एक जण होता. गाडी खडखडायला लागली की तो रेडिओ मोठा करायचा." मला त्यात काही अर्थ दिसला नाही. आई हसली आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यातही मला अर्थ दिसला नाही, कारण नाचत ती होती, अंगण माझं होतं.

मी तिला म्हटलं, "पुन्हा एकदा म्हण, या वेळी माइक लांब ठेवतो." तिने म्हटलं. मग माइक जवळ ठेवून म्हटलं. मग उशीचा अभ्रा माइकवर बांधून म्हटलं. कोमट पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन बसते आणि एका शब्दाने तक्रार करत नाही. इतकी गुणाची ती कधीपासून झाली ते मला कळत नाही.

स्पीकर स्वस्तातले असले की मूळच्या आवाजात नसलेली खरखर त्यात येऊ शकते का? एवढंच सांग. हो की नाही.

रविवारी आई तुझ्याशी फार बोलली नाही म्हणून मनात आणू नकोस. या भागात हल्ली रेंज जाते.

तुझा बाप


१२ नोव्हेंबर

भिंगरे,

हे पत्र मी टाकणार नाही. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही आणि ड्रायव्हरकाकांच्या पोटात काही राहत नाही.

आईच्या गळ्यात गाठ आहे. स्वरयंत्रावर. आम्ही बँकेत गेलो नव्हतो. नळीला कॅमेरा लावून आत बघितलं आणि डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवलं. मी मान डोलावली, मला काही दिसलं नाही. महिनाअखेरीला काढणार आहेत. काढल्यावर ती तपासायला पाठवतील. आणि आवाज? तर म्हणाल्या, राहील, बदलेल किंवा जाईल, आत गेल्याशिवाय सांगता येत नाही. हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी "बरं" म्हणालो. बाहेर आल्यावर आठवलं की "बरं" काय, कशाला म्हणालो.

आईने रिक्षात बसल्याबसल्या माझ्याकडून शब्द घेतला. भिंगरीला बोलायचं नाही. तुझं ते सिनेमाचं काम, पहिल्यांदा पूर्ण तुझ्या हातात आलेलं, याच महिन्यात संपायचंय. "ती सगळं टाकून धावत येईल आणि तिच्या नावाच्या जागी दुसऱ्याचं नाव लागेल. नंतर सांगू." नंतर म्हणजे कधी, आणि कोणत्या आवाजात, ते मी विचारलं नाही.

म्हणून गाणी. म्हणून महिनाअखेर. म्हणून हे स्पीकर. आवाज आहे तोवर आहे तसा उतरवून घ्यावा, एवढंच. वेगळं काही मला सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई बोलणं कमी करा, आवाजाला विश्रांती द्या म्हणाल्यात. गाणं म्हणजे काही बोलणं नव्हे. शिवाय रोज जेमतेम एखादं गाणं पुरं होतं. ती खरखर निघाली असती तर कधीच उरकलं असतं. स्पीकर धड असते तर तिला एवढ्या वेळा म्हणावंच लागलं नसतं. मला त्या दुकानदाराचा भयंकर राग आलाय.

तुझी आई आत्ता स्वयंपाकघरात गुणगुणतेय. मी इथून ऐकतोय. भिंत मध्ये असल्याने नीट कळत नाही.

बाबा


१७ नोव्हेंबर

भिंगरे,

सोबत पेन ड्राइव्ह आहे. कापसात गुंडाळलाय, कागद फाडताना जपून. आत आठ गाणी आहेत.

तुझं उत्तर आलं होतं, "आवाज किती मोठा ठेवता, त्यावर आहे." वकिलासारखं. म्हणून मी डावा स्पीकर पिशवीत घालून दुकानात गेलो. त्याने त्यावर त्याचं कुठलं तरी गाणं लावलं, स्वच्छ वाजलं. मग मी आईचं लावायला सांगितलं. खरखर होती. मी म्हटलं, बघा. त्याने ते त्याच्या मोठ्या, महागाच्या स्पीकरवर लावलं. तिथेही होती. मी म्हटलं, तुमच्या दुकानातलं वायरिंग जुनं असणार. त्याने गाणं बंद केलं. मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. स्पीकर परत पिशवीत घालून दिला आणि म्हणाला, "काका, कोण गातंय?" मी म्हटलं, "आमच्याकडच्या." पाणी पिऊन निघालो.

त्यानंतर एक गोष्ट शिकलो, तू मला शाबासकी देशील अशी. इक्वलायझर. कॉम्प्युटरवर आडवी रेघ येते, डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे, आणि जिथे खुपतं तिथे रेघ खाली दाबायची. इतके दिवस हे कोणी का सांगितलं नाही? आईचा तो पिंपातला घुमारा डावीकडे दाबत गेलो. थोडा दाबला, पुरेना. आणखी दाबला. घुमारा पार जाईपर्यंत दाबला. मग मागे कॉम्प्युटरमधली तयार व्हायोलिनं भरली, खरखर त्यांच्या आड जाईल इतकी. आता माझ्या खुर्चीत बसून ऐकलं तर सगळं लोण्यासारखं आहे. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला ती बालवाडीच्या पायरीवर उभी दिसली, घंटा हातात घेऊन. खोटं सांगत नाही.

आईला बोलावून ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान झालंय." मग उठून गेली. तिला आवडलं की नाही ते मला समजलं नाही. हल्ली ती कमी बोलते. म्हणजे काम खूप असतं ना.

तुझ्या तिथल्या भारी स्पीकरवर ऐक आणि सांग. घाईने सांग. चाळीसपैकी अजून पुष्कळ उरलीत आणि मी आता रोज पाचसहा करायची म्हणतोय. तुला चुका सापडतील, त्या माझ्या. पण आईचा आवाज चांगला आलाय ना, तेवढं मात्र सांग. तेवढ्यासाठीच पाठवतोय.

तीन वर्षांत तुला पाठवलेली ही पहिलीच वस्तू. दिवाणखान्यातल्या खुर्चीतून मी पोस्टमनची वाट बघणार आहे, असं समज.

तुझा बाप


२२ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझा मेसेज आला. माझ्या फोनवर. पहिला शब्द 'बाबा' होता आणि मी बराच वेळ पुढचं वाचलंच नाही.

मग वाचलं. "बाबा, खालचा सगळा आवाज तुम्ही कापून टाकलाय. तुमच्या कोपऱ्यात तो दुप्पट होत होता म्हणून तुम्हाला जास्त वाटला. तेवढा नव्हता. त्यामुळे आईचा आवाजच गेलाय, मागे फक्त हवा आणि खरखर उरलीय, उघडी. ती वायरीची नाही, स्पीकरचीही नाही. मी इथे वेगवेगळ्या खोल्यांत ऐकली. आईच्या गळ्याला काय झालंय? आणि तिला आता गायला लावू नका. एकही गाणं नको."

त्यानंतर तुझे फोन आले आणि मी उचलले नाहीत. बघ, आता मीच उचलत नाही. आई समोर बसून भाजी निवडत होती. मी तिला न बोलण्याचा शब्द दिलाय. लिहिण्याबद्दल आमचं काही ठरलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यात लवकर पोचणाऱ्या कुरिअरने पाठवतोय आणि सोबत बारा तारखेचं पत्रही ठेवतोय, जे तुला पाठवायचंच नव्हतं. ते आधी वाच. मी थांबतो.

वाचलंस?

आता माझं ऐक. तुझ्यापासून लपवावं म्हणून मी तो आवाज घासूनपुसून पाठवला होता, आणि झाकायला गेलो तेच उघडं पडलं. पण तुझ्यापासून लपवणं हा त्यातला लहान भाग. पडद्यावर मला काही दिसलं नाही हे खरं, पण ती खरखर मला पहिल्याच दिवशी ऐकू आली होती. आणि स्पीकरमधून नव्हे. सकाळी, जेवणाच्या टेबलावर, "मीठ द्या" म्हणाली तेव्हा. त्यानंतर दुकानात गेलो. खरं बोलणारे स्पीकर आणले ते कशासाठी, तर त्यांनी सांगावं की तसं काही नाही. त्यांनी तसं सांगितलं नाही म्हणून ते बिघडलेले ठरवले. काटा खोटा म्हणून दुकानदारावर खटला भरायचो मी. स्वतःच्या घरात मात्र वजन आवडलं नाही म्हणून काटा बदलत राहिलो.

आणि तिला गायला लावलं, भिंगरे. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. माइक लांब, माइक जवळ, अभ्रा बांधून. विश्रांती द्या असं सांगितलेलं असताना. ती कोमट पाणी पीत होती आणि मी वायरी बदलत होतो. तुझा मेसेज वाचल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सूज वाढली असणार, ऑपरेशन त्यामुळे थांबणार नाही, पण आवाज परत यायला जास्त वेळ लागू शकतो. मी विचारलं, वेळ लागेल की येणारच नाही? त्या म्हणाल्या, मी फोनवर अंदाज सांगत नाही.

तेव्हापासून मी खिडकीत बसून आहे. सारखं मोजतो की मी तिला किती वेळा म्हणायला लावलं, आणि मोजणी मध्येच सोडून देतो.

एक केलंय. तुझा पलंग बाहेर काढला. ड्रायव्हरकाका आणि मी, दोघांनी. स्पीकर भिंतीपासून चांगले हातभर पुढे आणले, मोजा काढला, रेघ सरळ केली, व्हायोलिनं पुसून टाकली. पहिल्या दिवशीचं रांगेत उभं राहायचं गाणं लावलं, काहीही न करता. घुमारा कमी झाला. ती तिच्या मूळच्या आवाजात आली, ढगासकट. आणि खरखरसुद्धा आली, होती तेवढीच, कमी नाही की जास्त नाही. मी शेवटपर्यंत ऐकलं. ड्रायव्हरकाका उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात खोकत राहिले.

आजपासून ती गात नाही. बोलतही नाही. विचारलं तर मान हलवते. मी तिला कारण सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

तू काय करायचं ते तू ठरव. ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. तुझ्या आईचं ऐकायचं तर येऊ नयेस. माझं विचारशील तर मला विचारू नकोस.

बाबा


२७ नोव्हेंबर

भिंगरे,

किल्ली ड्रायव्हरकाकांकडे आहे, ती तुला मिळालेली असणार, नाहीतर हे वाचत नसतीस. तू पोचशील तेव्हा आम्ही हॉस्पिटलात असू. तिला सकाळी लवकर आत घेतील. पत्ता फ्रिजवर चिकटवलाय. आधी हातपाय धू, काहीतरी खा, मग ये. डाव्या बाजूच्या गेटने ये, उजवीकडचं दुपारपर्यंत बंद असतं.

काम चार दिवस थांबवून येतेय म्हणालीस. ते थांबतं की जातं, ते तू सांगितलं नाहीस आणि मला विचारायला धीर झाला नाही.

तू समोर आलीस की मी प्रवास कसा झाला आणि चहा घेणार का, एवढंच विचारीन. माझा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून लिहून ठेवतो.

परवा तुझा फोन आला तेव्हा आईने तो कानाला लावून नुसता ऐकला. ठेवल्यावर माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता शब्द मोडला म्हणून झाडणार. मी आधीच बोलायला लागलो, की माझ्यामुळे सूज वाढली, मी तिला गायला लावलं, मला स्पीकरचं खूळ लागलं होतं. तिने हात वर करून मला थांबवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. अगदी हळू, कुजबुजून.

"मला ठाऊक होतं स्पीकर चांगले आहेत."

मी म्हटलं, "मग गात का राहिलीस?"

"स्पीकर बिघडलाय म्हणून तुम्ही दिवसभर धावत होतात. वायरी आणत होतात, भांडत होतात, घरी येऊन दोन घास जास्त खात होतात. मी बिघडलेय हे कळलं असतं तर काय केलं असतंत? खिडकीत बसला असतात. मला ते बघवलं नसतं."

मी म्हटलं, "वेडी आहेस."

तर मान हलवून हो म्हणाली. मग बोट ओठांवर ठेवलं, मला नव्हे, स्वतःलाच, आणि पुन्हा गप्प झाली. तुला म्हणून सांगतो, त्या दिवशी मी चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा भांडी घासली. तीही तिला पसंत पडली नाहीत, तिने परत घासली.

गाणी चाळीसपैकी सतरा झालीत. पहिल्या आठवड्यातली बरी आहेत, नंतरची ऐकवत नाहीत. एकाही गाण्याला मी आता हात लावलेला नाही. सगळी जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये आहेत. त्यांचं काय करायचं ते तू बघ. पुसायची असतील तर पूस, मी विचारणार नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

ऑपरेशन झाल्यावर आठवडाभर तिने तोंडातून आवाज काढायचा नाही. मग डॉक्टरीणबाई तिला समोर बसवतील आणि 'आ' म्हणायला सांगतील. एवढंच. तोपर्यंत तू राहा, चार दिवस पुरायचे नाहीत. मला त्या दिवसाची जितकी भीती वाटतेय तितकी ऑपरेशनची वाटत नाही. कारण ती 'आ' म्हणेल, आणि मी माझ्या कानांना ओळखून आहे. वाईट आला तर म्हणेन, खोली लहान आहे. पंखा चालू आहे. तिने पाणी प्यायलं नसेल. तिला म्हणेन, पुन्हा एकदा म्हण. मी तसं म्हणणारच, भिंगरे, आत्ता कितीही शहाणपण आलं असलं तरी.

म्हणून तू माझ्या शेजारी उभी राहा. तिने म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघू नकोस, तिच्याकडेही बघू नकोस, तू फक्त ऐक. जसं तिथे ऐकतेस तसं. मग मला बाहेर घेऊन ये आणि काय ऐकलंस ते सांग. बाप आहे म्हणून सौम्य करू नकोस. चांगला असेल तर चांगला, वाईट असेल तर वाईट, अजून कळत नसेल तर कळत नाही म्हण.

तू जे सांगशील ते मी मानीन. तू म्हणालीस की आवाज गेला, तर मी आत जाऊन तिच्या शेजारी बसेन आणि तिला पुन्हा म्हणायला लावणार नाही. एवढं एक ऐकण्याचं काम तू माझ्यासाठी कर. ते मला कधीच येत नव्हतं.

बाबा